सीक्रेट सांता, खानदेश विभाग

नाताळच्या सुमारास सहकाऱ्यांना आणि मित्रांना स्वतःच्या हाताने केलेली, त्या-त्या माणसाला शोभेल अशी वस्तू देण्याची चाल जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत अलीकडची आहे. खासगी बँका, विमा कंपन्या, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि औद्योगिक वसाहतींतली एसी बसवलेली कार्यालये, एवढाच सध्या तिचा मुलूख. मोठ्या शहरातून बदलून आलेला एखादा तरुण अधिकारी ती सोबत आणतो आणि त्याची पुढची बदली झाली तरी ती मागे राहते. नियम दोनच आहेत. कोणी कोणाला दिले हे कळता कामा नये, म्हणून देणाऱ्याला ‘सीक्रेट सांता’ म्हणायचे. आणि वस्तू बाजारातून न आणता घरी केलेली असावी. यांतला कोणताही एक नियम पाळणे खानदेशी माणसाला जड नाही. दोन्ही एकदम पाळायचे म्हटले की पंचाईत होते, कारण या भागात घरी केलेल्या वस्तूवर त्या घराचा पत्ता न लिहिताही असतो.

चिठ्ठ्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत निघतात. त्यासाठी कोणाचा तरी रिकामा डबा घेतला जातो. त्यामुळे काही चिठ्ठ्यांना लोणच्याचे तेल लागते आणि त्या उघडण्याआधीच ओळखू येतात. नावे लिहून घड्या घालण्याचे काम शिपायाकडे असते. कोणाच्या नावाला कोणती घडी घातली हे तो विसरत नाही, आणि विचारले तर सांगतोही. शाखाधिकाऱ्याची चिठ्ठी कोणालाच नको असते. ज्याच्या हाती ती येते तो जिन्याखाली गिऱ्हाईक शोधतो आणि एका शनिवारचे काम पत्करून ती बदलून घेतो. संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत कोणाकडे कोण गेले हे सगळ्या शाखेला ठाऊक असते, शाखाधिकारी सोडून. त्यांना ते घरी गेल्यावर कळते, कारण त्यांच्या सौभाग्यवती आणि कॅशियरच्या सौभाग्यवती एकाच भिशीत असतात.

खर्चाची मर्यादा साधारण दोनशे रुपये ठरते. बाजारच्या वस्तूला ही मर्यादा लावणे सोपे असते. घरच्या वस्तूला लावताना हिशेबाच्या शाखेतले लोकही गडबडतात. उडदाची डाळ आजच्या भावाने धरायची की उन्हाळ्यात घेतली त्या भावाने, शेतातल्या शेंगदाण्याला किंमत लावायची की नाही, यावर वाद होतात. मजुरी मात्र एकमताने शून्य धरली जाते, कारण काम करणारी सासू असते. इथे ‘हाताने केलेली’ या शब्दांचा नेमका अर्थ पाहणे इष्ट. वस्तू हाताने केलेली असते, पण तो हात बहुधा देणाऱ्याचा नसतो. आई, सासू, मोठी वहिनी किंवा गावाकडची आत्या यांच्यापैकी कोणाचा तरी असतो. देणाऱ्या पुरुषाचा वाटा ती वस्तू स्कूटरवरून न सांडता आणण्यापुरता, आणि तो हे काम पुढे अनेक दिवस सांगत राहतो.

भेटी हाताने करण्याचा कंटाळा बाजाराने नाताळातच हेरला होता. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांना मित्रमंडळींच्या पत्रांना हाताने उत्तरे लिहिणे उरकेना. त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, हजारभर कार्डे छापली, आणि ती शिलिंगाला एक या दराने विकायलाही ठेवली. पहिले छापील नाताळकार्ड ते हेच. तिथून पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ पाश्चात्त्य जगाने नाताळच्या भेटी विकत घेतल्या आणि आता विकतचा कंटाळा आल्यामुळे ते पुन्हा लोकर, रंग आणि डिंकाकडे वळले आहे. खानदेशात हा मधला टप्पा झालाच नाही. पहिल्या अवस्थेतून थेट तिसरीत आल्यामुळे इथल्या लोकांना यात नवे काय, हे अजून नीट समजलेले नाही.

नाताळही इथे नवा नाही. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत आणि नवापूर-चिंचपाड्याकडच्या मिशनच्या गावांत (हा भाग १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता) तो पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. मराठी ख्रिस्ती घरांत त्या दिवशी केकच्या जोडीला करंज्या, चकल्या आणि शंकरपाळे असतात. शेजारधर्माचा नियम असा, की आलेला डबा रिकामा परत करायचा नाही. दिवाळीत चकल्या भरून गेलेला स्टीलचा डबा नाताळात चकल्या भरूनच परत येतो. दरम्यान त्याचे झाकण बदललेले असते आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. या डब्यांवर चिठ्ठी लागत नाही आणि सांताही लागत नाही. कार्यालयातल्या नव्या प्रथेला जुन्या प्रथेची ही सवय नडते: भेट मिळाली की परतीचा डबा कोणाच्या घरी पाठवायचा, हे घरात लगेच विचारले जाते, आणि ‘माहीत नाही, गुपित आहे’ हे उत्तर कोणत्याही सासूला पटलेले नाही.

डिसेंबरात द्यायची वस्तू खानदेशात एप्रिल-मेमध्ये करावी लागते. जळगाव-भुसावळचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि वर्षभराचे वाळवण त्या उन्हावर होते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे गच्च्या, ओटे आणि खाटा पापड, कुरडया, शेवया आणि बिबड्यांनी भरून जातात. त्यामुळे चिठ्ठीत कोणाचे नाव येणार हे कळण्याच्या सात महिने आधीच भेट तयार असते. ‘त्या माणसाला साजेशी’ ही अट तिला मागाहून लावली जाते. ज्याला दात आहेत त्याला बिबड्या, ज्याला रक्तदाब आहे त्याला शेवया.

बिबड्यांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. ज्वारी भिजवून, भरडून, आंबवून तिचा मिरची-लसूण-तीळ घातलेला घाटा शिजवतात आणि ओल्या कापडावर थापून उन्हात टाकतात. वाळल्यावर कापड उलटे करून मागून पाणी शिंपडले की बिबडी सुटते. पुष्कळसा घाटा थापण्याआधीच वाटीत शेंगदाण्याचे तेल ओतून खाल्ला जातो, म्हणून बिबड्यांची संख्या ज्वारीच्या मापाशी कधीच जुळत नाही. महत्त्वाची गोष्ट कापडाची. बिबडीच्या पाठीवर त्या कापडाची वीण उमटते. कोणाकडे धोतर वापरतात, कोणाकडे जुने लुगडे, कोणाकडे पडद्याचे कापड. आणि ज्या बाईने शेजारच्या गच्चीवर वीस उन्हाळे थापायला हात लावला आहे तिला बिबडी उलटी करून पाहिली की पुरते. पापडाचेही तसेच. दहा जणी एकत्र बसून लाटत असल्या तरी काठ कोणाचा जाड राहतो, मिरे कोण भरड ठेवते, कोणाचा पापड उजेडात धरल्यावर पलीकडची खिडकी दिसते, हे नोंदवलेले असते. सहकाऱ्याने निनावी दिलेले पापड घरी गेले, की आई एक तळते, एक भाजते आणि जेवण संपायच्या आत देणाऱ्याचे नाव, आडनाव आणि माहेर सांगून टाकते.

मसाल्याची गुप्तता तर पिशवी बांधलेली असतानाच संपते. नंदुरबार आणि दोंडाईचाच्या बाजारातून आलेली मिरची, भाजलेले सुके खोबरे, कांदा, धणे आणि खडा मसाला यांचे प्रमाण प्रत्येक घराचे वेगळे, आणि ते प्रमाण सुनेला बरीच वर्षे सांगितले जात नाही. अशा मसाल्याची पुडी टेबलाच्या खणात ठेवली, की दुसऱ्या मजल्यापर्यंत कळते. शिवाय खानदेशी मसाला परगावच्या माणसाला देताना तो ‘माणसाप्रमाणे’ करावा लागतो. पुण्याहून बदलून आलेल्या सहकाऱ्यासाठी तिखट निम्मे करून दिले जाते. ते त्याला तरीही झेपत नाही. पण ते निम्मे केले आहे हे त्याला सांगितले जाते, आणि त्यानंतर त्याला तक्रार करता येत नाही.

शिवणकाम-विणकामाच्या वस्तूंत अडचण मापाची असते. डिसेंबरात धुळ्याचा पारा काही रात्री एक आकडी होतो, त्यामुळे स्वेटर ही भेट उपयोगाची. पण समोरच्याला न सांगता त्याचे माप घेणे कठीण. शिपायाला खुर्चीवर टाकलेले जाकीट पाच मिनिटे पळवायला सांगणे, हा रूढ मार्ग आहे. अंदाजाने घेतलेली मापे सहसा भिडेखातर कमी धरली जातात. त्यामुळे जाड सहकाऱ्यांचे स्वेटर त्यांच्या मुलांना होतात आणि मुलांच्या वडिलांना देणाऱ्याचा संशय येतो तो त्यांच्याविषयी सर्वांत सभ्यपणे बोलणाऱ्या बाईंवर. तो खरा ठरतो. गोधडीचा प्रश्न आणखी वेगळा आहे. जुन्या साड्यांच्या तुकड्यांची गोधडी ही खानदेशातली बहुधा सर्वांत सुंदर घरगुती वस्तू, पण ती कार्यालयात उघडली की ‘ही तुमची प्रमोशनच्या पार्टीतली साडी ना?’ असा प्रश्न तिसऱ्या टाक्याच्या आत येतो.

ज्यांच्या घरात वाळवण होत नाही आणि टाके येत नाहीत अशांसाठी कागद, सुतळी आणि बाटल्या उरतात. महाराष्ट्रात शाळेत शिकलेल्या प्रत्येक माणसाने कार्यानुभवाच्या तासाला आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड केलेला असतो किंवा करून घेतलेला असतो. नाताळच्या निमित्ताने ते ज्ञान पंचवीस वर्षांनी वर काढले जाते. रिकाम्या बाटलीला सुतळी गुंडाळून तिच्यावर सहकाऱ्याचे नाव रंगवणे, तुटक्या बांगड्यांचे तोरण करणे, नारळाच्या करवंटीला डोळे लावणे, हे प्रकार विशेष चालतात. केळीच्या खोडाचा धागा काढून पिशव्या आणि चटया करणारे बचतगटही जळगाव जिल्ह्यात आहेत. त्यांच्याकडून वस्तू घेऊन तिच्यावर आपण फक्त एक गाठ मारणे, ही नियमाची मान्य पळवाट. या सगळ्या कलेला एक जुनी परंपरा आहे, ती रुखवताची. मुलीच्या लग्नात टेबलभर मांडलेले सुपारीचे भटजी, खोबऱ्याची विहीर आणि कापसाचा ससा पाहत वाढलेल्या माणसाला हस्तकला कशाला म्हणतात हे शिकवावे लागत नाही. त्या वस्तूंचे लग्नानंतर काय करायचे, हे कोणीच कधी शिकवलेले नाही. बाटल्यांचेही पुढे तेच होते.

भेटीसोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी जोडायची असते. या प्रकाराला खानदेशात फार मोठा पूर्वज आहे. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ हे दैनिक हाताने लिहून काढत. एखाद्याला वर्षातून एक चिठ्ठी लिहिताना ज्यांची बोटे दुखतात त्यांनी याचा विचार करू नये, कारण त्यापुढे काहीच लिहून होत नाही. निनावी चिठ्ठी लिहिताना अक्षर बदलणे सर्वांना जमते. भाषा बदलणे जमत नाही. मजकुरात ‘भो’ आला की लिहिणारा यावल-रावेरच्या बाजूचा, ‘शे’ आला की अमळनेर-धुळ्याकडचा, हे लगेच ठरते. कोणी खबरदारी म्हणून शुद्ध पुस्तकी मराठीत लिहिलेच, तर शाखेत पुस्तकी मराठी लिहिणारा एकच असतो.

नाव घातलेली वस्तू हा या विषयाचा गाभा, आणि इथे दोन संस्कृती समोरासमोर उभ्या राहतात. पाश्चात्त्य पद्धतीत मगवर, उशीवर किंवा पेनवर घेणाऱ्याचे नाव असते. महाराष्ट्रात वस्तूवर नाव घालण्याची कला भांड्यांच्या दुकानांनी जोपासली आणि तिथे नाव असते देणाऱ्याचे. पूर्वी छिन्नी-हातोडीने ठोके देऊन आणि आता विजेवर घरघरणाऱ्या यंत्राने, दुकानदार कपावर, ताटावर, पिंपावर सगळा मजकूर काढून देतो: कोणाच्या लग्नाप्रीत्यर्थ, कोणाकडून, कोणत्या तारखेला. घरातली भांडी वाचत गेले की तीस वर्षांचा आहेराचा जमाखर्च हाती लागतो. असल्या वातावरणात वाढलेला माणूस भेटवस्तूवर आपले नाव न घालता ती देतो, तेव्हा त्याच्या जिवाला होणारा त्रास बाहेरच्यांना समजणार नाही. धुळ्या-जळगावकडच्या अनेक सांतांनी मधला मार्ग काढला आहे. वरच्या बाजूला घेणाऱ्याचे नाव, आणि तळाला, सहज उलटून पाहिले तर दिसेल असे, स्वतःचे.

घेणाऱ्याच्या नावाने दिलेल्या कागदी वस्तूंत अमळनेरला एका वस्तूने सर्व विक्रम मोडले आहेत. २९ डिसेंबर १९४५ रोजी तिथे वनस्पती तुपाची एक कंपनी नोंदवली गेली. तिच्या शेअरच्या दाखल्यावर ज्याचे त्याचे नाव घातलेले असे आणि गावातल्या कित्येकांनी ते दाखले ट्रंकेत टाकून ठेवले. कंपनीने पुढे विप्रो हे नाव घेतले, मग ती संगणकाच्या धंद्यात गेली आणि ट्रंकांना कुलपे लागली. तेव्हापासून अमळनेरात कोणीही नाव लिहिलेला कागद दिला तर तो फेकत नाहीत. सुतळीच्या बाटलीला जोडलेली चिठ्ठीसुद्धा ठेवतात.

गुप्तता आणि हात यांचा मेळ एकाच भेटीत बसतो, आणि ती म्हणजे भरीत. जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आसोदा, बामणोद या गावांकडची ही पांढरट हिरवी वांगी एकेक अर्ध्या किलोच्या आसपास भरतात आणि थंडी पडली की रसाला येतात. आसोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. पण वांग्याच्या दिवसांत गावाच्या नावाचा उल्लेख झाला तर साहित्याची चर्चा पुढे ढकलली जाते. डिसेंबरात शेतावर कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजतात, साल काढून लाकडी भांड्यात मुसळाने ठेचतात, त्यात भाजलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि खोबरे जाते आणि सोबत कळण्याच्या पुऱ्या असतात. एकाने वांगी आणायची, दुसऱ्याने काड्या, तिसऱ्याने शेत, ठेचायला सगळे. म्हणून कोणी कोणाला काय दिले हे शेवटपर्यंत कळत नाही. सांताचा पहिला नियम एवढा काटेकोर पाळणारा दुसरा कार्यक्रम नाही, आणि त्याला कोणी सांता म्हणत नाही.

भरताला कायद्याचाही आधार आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १९६४ चे वर्तणूक नियम लागू आहेत. त्यांतला तेरावा नियम भेटी घेण्याविषयी बराच कडक आहे. मात्र प्रसंगाने घडलेले जेवण, गाडीत दिलेली जागा किंवा तशा प्रकारचा पाहुणचार भेट समजू नये, असा खुलासा त्यालाच जोडलेला आहे. हा खुलासा लिहिणारा खानदेशात कधी आला होता की नाही याची नोंद सापडत नाही, पण शेतापर्यंत गाडीत बसवून नेऊन भरीत खाऊ घालणे या एका कृतीत त्याचे तिन्ही भाग पुरे होतात. टपाल आणि आयकर खात्यातली मंडळी म्हणून सांताच्या फंदात पडत नाहीत आणि भरतपार्टी चुकवत नाहीत.

भेटी उघडण्याचा कार्यक्रम चोवीस तारखेला, कामाची वेळ संपल्यावर होतो. लाल टोपी एकच असते आणि ती ज्याला नको त्याला घालतात. वस्तू उघडली की घेणाऱ्याने सांता ओळखायचा असतो. पहिला अंदाज मुद्दाम चुकवण्याचा शिष्टाचार आहे. कोणी बिबड्यांची पिशवी हातात घेऊन छताकडे पाहत आठवल्यासारखे करतो, नवख्या शिकाऊ उमेदवाराचे नाव घेतो, सगळे ‘नाही, नाही’ म्हणतात, आणि मग खरे नाव सांगून टाळ्या पडतात. ज्या नव्या माणसाने हे सोंग न करता थेट ‘मॅडम, तुमच्या सासूबाईंच्या दिसतात’ असे म्हटले, त्याला पुढच्या वर्षी शाखाधिकाऱ्याची चिठ्ठी मिळते. ती कशी मिळते ते शिपायाला विचारावे.

जानेवारीत संक्रांत येते. तेव्हापासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते आणि प्रत्येक सुवासिनीला वाण द्यावे लागते. नाताळच्या भेटींचा दुसरा प्रवास तेव्हा सुरू होतो. पापड आणि मसाला तोवर संपलेला असतो. पेनस्टँड, तोरण, केळीच्या धाग्याची पिशवी वाणात जाते, दोन-तीन घरे फिरते आणि कधीकधी मूळ कारागिराकडेच हळदीकुंकवासह परत येते. नाव घातलेल्या वस्तूला ही वाट बंद असते. ती ज्याची त्याच्याकडेच राहते, आधी शोकेसमध्ये आणि मग माळ्यावर. त्यातली स्टीलची असेल ती पुढेमागे भांड्यांच्या दुकानात मोडीत निघते. तिथे तिचे वजन होते, आणि नावाचे वेगळे पैसे धरत नाहीत.